साहेबांच्या गटातले आमचे शेजारी

नवा माणूस दिसला की आमचे शेजारी त्याला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळायचे आणि विचारायचे, "पावणं, कुणाकडचं?" समोरच्यानं भाबडेपणानं हुपरीचा म्हणून सांगितलं, की हात झटकून म्हणायचे, "गाव न्हवं ओ. गट."

मी बदली होऊन मुरगूडकडच्या या गावात मास्तर म्हणून आलो, तेव्हा मलाही हाच प्रश्न झाला. मला कुठला गट? उत्तर देता येईना म्हणून शेजारी असूनही ते कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पुढं मी साहेबांच्या दूध संस्थेतून दूध घ्यायला लागलो आणि त्यांनी मला आपल्यात धरलं. तुम्ही आमच्या भागात राहिला असाल तर तुम्हाला यात नवल वाटायचं नाही. इथं दूध, चहा, दाढी, सोयरीक सगळं गटाचं. पक्ष बदलतात, गट तसाच राहतो.

आमच्या मतदारसंघात साहेब आणि दादा हे दोनच गट. कधी हे निवडून यायचे, कधी ते. शेजाऱ्यांना सालं आठवायची नाहीत, निवडणुका आठवायच्या. थोरली मुलगी झाली ती साहेब पहिल्यांदा आमदार झाले तेव्हा. विहीर ढासळली ती साहेब पडले त्या पावसाळ्यात, आणि त्यातलं कुठलं दुःख मोठं हे त्यांना सांगता यायचं नाही. मतदारसंघाची पुनर्रचना झाली आणि मुलीचं सासर शेजारच्या मतदारसंघात गेलं. तेव्हा त्यांनी चेहरा असा केला, जणू मुलीची आत्ताच पाठवणी झाली. आता तिच्या मताचा आपल्याला काय उपयोग, असं ते बायकोला म्हणाले होते. हे त्यांनीच मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच घराच्या दुसऱ्या अर्ध्यात राहायचा. तरुणपणी दोघं एका सायकलवर भोंगा बांधून साहेबांचा प्रचार करत हिंडलेले. मग भावाच्या मुलाला दादांच्या कारखान्यात नोकरी लागली आणि भाऊ दादांच्या गटात गेला. त्या दिवसापासून यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. अंगणात भिंत घातली. वाटणीवरून भांडण नव्हतं, बांधावरून नव्हतं. सख्खा भाऊ आहे, असं मी एकदा भीतभीत म्हटलं.

"भाऊ हाय की," ते म्हणाले. "पण तिकडं हाय."

गेल्या विधानसभेचे अर्ज भरले गेले, साहेब आणि दादा पुन्हा समोरासमोर आले, आणि त्याच दिवसांत भाऊ आजारी पडला. त्याला कोल्हापूरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. यांना जायचं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सकाळी इस्त्रीचा सदरा घालून स्टँडवर जायचे, गाडी लागलेली बघायचे आणि परत यायचे. दवाखान्यात दादांची माणसं बसलेली असणार. ऐन निवडणुकीत आपण तिथं दिसलो तर साहेबांच्या कानावर काय जाईल, ही धास्ती. मला म्हणायचे, निकाल लागू दे, मग जातो. निकाल लागायच्या आत भाऊ गेला. स्मशानात ते आले, पण आपल्या गटाच्या माणसांबरोबर लांब उभे राहिले. मला त्यांचा राग आला होता, हे सांगायला हवं.

आमच्याकडं रक्षाविसर्जनाला पुढारी येतातच, न येऊन भागत नाही. दादा येणार म्हणून त्या सकाळी आमचे शेजारी घरातच बसले. नदीकाठी आम्ही थांबलो होतो. दादांची गाडी आली. पुढच्या दारातून दादा उतरले आणि मागच्या दारातून साहेब. आदल्या दिवशी अर्ज माघारीची मुदत होती. साहेबांनी माघार घेऊन दादांना पाठिंबा दिला, असं संध्याकाळी मोबाईलवर आलं होतं, पण गावात कुणी खरं मानलं नव्हतं.

थोरले कुठायत, असं साहेबांनी विचारलं. मी बोलवायला गेलो, गाडीत कोण कोण आलंय ते सांगितलं. ते उठले. चपला घालून माझ्या मागून आले. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, आमचं आता मिटलंय, तुम्हीही मनात काही ठेवू नका.

शेजाऱ्यांनी राखेकडं बघितलं. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही.

"आठ दिस आधी मिटवायचं हुतं की, साहेब."

साहेबांनी हात काढून घेतला. श्रद्धांजलीची भाषणं ठरल्याप्रमाणं झाली. माझा आधीचा राग कुठं गेला कळेना, आणि त्याच्या जागी दुसरं काही येईना. नुसता उभा होतो.

त्यानंतर ते दिवसभर भावाच्या सोप्यातच, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, बसून असायचे. भावजय चहा आणून ठेवायची, तो निवून जायचा. मतदानाला ते गेले का, मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही.

निकालाच्या दिवशी दादा निवडून आले. दोन्ही गटांची पोरं एकाच ट्रॉलीवर चढून हलगीच्या तालावर गुलाल उधळत आमच्या गल्लीत शिरली. शेजाऱ्यांना बघून त्यांनी वरूनच हाका मारल्या, बाहेर या म्हणाले. ते सावकाश उठले. मला वाटलं, बाहेर येतील. पण त्यांनी सोप्याची दोन्ही दारं ओढून घेतली आणि आतून कडी लावली. आत भिंतीवर भावाचा हार घातलेला फोटो होता, त्यावर त्यांना गुलाल उडू द्यायचा नव्हता. मिरवणूक वळून स्टँडकडं गेली, हलगी ऐकू यायची थांबली, तरी दार बंदच होतं.