हानाआंटींच्या आजीच्या फोटोला आईनं लावलेलं कुंकू

आधीच सांगून टाकते, मी फार्मसिस्ट आहे. दृष्ट, अंगात येणं, मंतरलेले दोरे... असल्या गोष्टींवरून मी आईशी कडाकडा भांडलेय. हे सगळं मी लिहितेय यावर माझ्या नवऱ्याचाच विश्वास बसत नाहीये! पण जे झालं ते माझ्या डोळ्यांदेखत झालं, भर सकाळी साडेनऊला. अजून सांगताना अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नाही हं, आनंदाचा.

आम्ही न्यूझीलंडमध्ये, अप्पर हटला राहतो. स्टेशनपासून चालत सात मिनिटांवर कम्युनिटी हॉल आहे. तिथे यंदा माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या कलेचं प्रदर्शन भरवायचं ठरलं – विणकाम, लाकडावरचं कोरीवकाम, घराघरांतले जुने फोटो. सोबत आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांचंही काहीतरी. गोऱ्यांच्या राजवटीतल्या जुन्या जखमांबद्दल एकत्र बसून बोलावं, सलोखा व्हावा, असा हेतू. मिरजेहून सहा महिन्यांसाठी आलेली माझी आई दर बुधवारी तिथे गोधडी शिवायला जायची. इंग्रजीच्या नावानं बोंब, तरी हानाआंटींशी तिची अशी काही गट्टी जमली की विचारू नका!

हानाआंटी सत्तरीच्या, प्रदर्शनाच्या कर्त्याधर्त्या. त्यांच्या आजीचा एक मोठा फोटो घरात होता, कधीच बाहेर न आलेला. त्यांच्या आईला तीन वर्षांची असताना घरातून नेऊन एका गोऱ्या कुटुंबात वाढवलं होतं. मोठी होऊन ती परतली, तोवर आजी गेलेली. मायलेकींचा एकत्र एकही फोटो नाही. "माझ्या आईला मी नकोच होते," असं म्हणत म्हणतच आंटींची आई वारली. "ते वाक्य माझ्या छातीत रुतून बसलंय गं," आंटी एकदा मला म्हणाल्या होत्या. त्यांचा धाकटा भाऊ विरेमू फोटो आणायच्या विरोधात होता. आंटींनी मिनतवाऱ्या करून त्याला तयार केलं.

उद्घाटन शनिवारी अकराला. मी टेबलं मांडत होते. मागे वळून बघते तर काय, आमच्या मातोश्री! फोटोसमोर डिशमध्ये दोन बेसनाचे लाडू, आणि ओल्या बोटानं काचेवर ठसठशीत हळदकुंकू!

आता माओरी लोकांत, गेलेल्या माणसाच्या फोटोजवळ अन्न आणतच नाहीत. मोठा अपमान असतो तो. आपल्याकडे नैवेद्य, त्यांच्याकडे बरोब्बर उलटं! विरेमू तरातरा आला. "उतरवा तो फोटो. आम्ही घरी नेतोय," एवढंच म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, काय करून ठेवलंस हे! कुणी सांगितलं होतं तुला?" मी आईवर खेकसले.

"त्या बाईंनीच," आई फोटोकडे बोट दाखवत शांतपणे म्हणाली. "पोर भुकेली आहे म्हणाल्या."

"कुठली पोर?"

"अगं ही काय, त्यांच्या शेजारची. एक बूट पायात, एक हातात. तिला बिचारीला असं मागे दाबून का ठेवलंय?"

फोटोत पोर नव्हतीच! खुर्चीत एकटी आजी, तिचा एक हात चौकटीच्या कडेशी संपलेला. आंटी मला सारखं विचारत होत्या, काय म्हणतेय ती, काय म्हणतेय? शेवटी धीर करून सांगितलं. आंटी फोटोजवळ गेल्या. काचेवरचं कुंकू तोवर ओघळून चौकटीच्या आत शिरायला लागलं होतं.

"विरेमू, उघड."

"घरी जाऊन..."

"आत्ता."

लाडू बाहेर गेले. आंटींनी प्रार्थना म्हटली, पाणी शिंपडलं. मग विरेमूनं मागचा पिवळा पडलेला, डिंकानं चिकटवलेला कागद कापला. तो दोघांच्या जन्मात कुणी काढलेला नव्हता. आत फोटोची एक बाजू मागे दुमडलेली होती. चौकटीत मावावा म्हणून दुमडली असेल, देव जाणे. त्यानं ती हळूहळू उलगडली.

तीनेक वर्षांची मुलगी. एका पायात बूट, दुसरा हातात! आणि आजीच्या त्या हातानं तिचं मनगट असं घट्ट धरलेलं, की फ्रॉकची बाही चुरगळली होती.

मी ओरडलेच! विरेमू लहान मुलासारखा रडायला लागला. आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तो अजिबात रागावला नाही.

अकराला दार उघडलं तेव्हा फोटो चौकटीविना भिंतीवर होता, मधोमध घडीची रेघ असलेला, पण अख्खा. येईल त्याला विरेमू स्वतः सांगत होता, "ही माझी आजी. आणि ही माझी आई."

मी सगळे तर्क लावून पाहिले. चौकटीशी संपणारा हात बघून शेजारी कुणी असेल असं आईनं ताडलं असेल, मान्य. पण हातातला बूट? आईला विचारलं तर म्हणते, "मला दिसलं ते सांगितलं, तू फार फाटे फोडतेस बाई."

त्या दुपारी आंटींनाही विचारलं, "आंटी, हे कसं झालं असेल हो?" त्या गाडीची किल्ली शोधत होत्या. म्हणाल्या, "ते नंतर बघू गं. आधी मला आईच्या कबरीवर जाऊन तिला सांगायचंय."