न विकायचं हेल्मेट

राहुरीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला तो दोरीवर हेल्मेटं टांगून विकतो. त्याचं नाव मी विचारलं नाही. मोटारसायकलवर घालायचं जाड जाकीट आणि हातमोजे मला परवडणार नव्हते, म्हणून निदान हेल्मेट तरी घ्यावं, असं ठरवून मी थांबलो.

गिऱ्हाइकाने हेल्मेट घातलं, की हनुवटीखालची पट्टी तो स्वतः लावतो, आत एक बोट सारून बघतो आणि मान हलवायला सांगतो. त्याशिवाय पैसे घेत नाही. मला ते उगाचच वाटलं.

दोरीच्या टोकाला एक काळं, भारीतलं हेल्मेट होतं. आतलं अस्तर वापरून मऊ पडलेलं.

"हे जुनं आहे ना? कमीत द्या," मी म्हणालो.

"ते इकायचं न्हाई. भावाचं हाय." मी घातलेल्या दुसऱ्या हेल्मेटची पट्टी ओढत तो सावकाश बोलत राहिला. "उसाच्या ट्रॉलीवर मागून गाडी आदळली त्याची. पट्टी लावलीच नव्हती. हेल्मेट उडून उसात पडलं. बघा, साधा ओरखडा न्हाई त्याला."

मी पाहिलं. खरंच नव्हता.

मग त्याने सांगायच्या आधीच मी मान हलवून दाखवली.