मिरच्या बांधून कॅमेरा घ्यायला निघालेली मावशी

आमच्या प्रमिलामावशीला कॅमेरा मी निवडून दिला, असं नातेवाइकांत अजूनही सांगतात. साफ खोटं आहे. मी फक्त पिशवी धरली होती, आणि मधेमधे तोंड घालून कामात खोडा घातला होता. बँकेत कारकून असलेल्या भाच्याला लोक उगाच शहाणा समजतात. खरी शहाणी कोण, ते आज लिहून ठेवतो.

मावशी दोंडाईच्याची. बावीस वर्षं ती मिरचीच्या पथारीवर कामाला जाते. पथारी म्हणजे मोकळ्या मैदानात मिरची वाळत घालतात ती जागा. तिथे बायका रांगेनं बसून देठ खुडतात आणि रंग उडालेली, पांढरट पडलेली मिरची वेगळी काढतात. तिला म्हणतात फटकी. मावशीचा हात ढिगावरून फिरला की फटकी बाहेर पडलीच म्हणून समजा. व्यापारी आणि खरेदीदार यांचं रंगावरून वाजलं, की मुकादम सांगतो, ‘प्रमिलाबाईले बलावा.’ मावशी येते, मूठभर मिरची घेते, उन्हातून सावलीत जाते, गोणपाटावर पसरते आणि निकाल देते. तिथे मग कोणी वाद घालत नाही. शाळेत ती चौथीपर्यंतच गेली, पण लाखांचे सौदे तिच्या डोळ्यांवर ठरतात, हे सांगताना मला आजही छाती फुगवावीशी वाटते.

तिची मुलगी दिपमाला नर्सिंग शिकलेली. हुशार, बोलायला तिखट, आणि रंगानं आईसारखी काळी. ‘सावळी’, ‘निमगोरी’ असली लपवाछपवी मी करणार नाही, कारण सगळा घोटाळा त्या लपवाछपवीतूनच झाला. तिला नाशिककडचं स्थळ आलं. रिवाजाप्रमाणे आधी फोटो पाठवायचा होता. स्टुडिओवाल्यानं तोंडावर पावडर थापली, दोन दिवे मारले, वर कॉम्प्युटरवर हात फिरवला आणि दुधासारखी गोरी पोरगी कागदावर काढून दिली. सगळ्यांच्याच मुलींचं तो असं करतो, म्हणून कोणाला त्यात वावगं वाटलं नाही.

पाहुणे आले. चहा-पोहे झाले. मुलाच्या काकानं खिशातून फोटो काढला, दिपमालाकडे पाहिलं, पुन्हा फोटोकडे पाहिलं आणि विचारलं, “फोटोतली मुलगी कुठे आहे?” कोणीतरी फिसकन हसलं. दिपमाला हातात ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मी तिथेच बसलो होतो आणि त्या माणसाला काही बोललो नाही, याची लाज मला आजही वाटते.

पाहुणे गेल्यावर मावशीनं त्यांनी तिथेच टाकलेला फोटो उचलला, दाराशी उजेडात नेऊन पाहिला. “हाई मनी आंडेर नही,” ती म्हणाली, “हाई फटकी शे.” आणि आपल्या आंडेरीचा, म्हणजे पोरीचा म्हणून आलेला तो फोटो तिनं चुलीत घातला.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून दिपमाला फोटोत येईना. कोणी कॅमेरा वर केला की तिची ओढणी तोंडावर. सख्ख्या भावाच्या, प्रेमराजच्या लग्नात सगळ्यात जास्त राबली ती, आणि तीनशे फोटोंच्या अल्बममध्ये एकदाच दिसली, तीही पाठमोरी. इथवर ठीक होतं. पुढे नर्सच्या नोकरीच्या दोन जाहिराती आल्या, आणि अर्जावर फोटो चिकटवावा लागतो एवढ्यासाठी तिनं दोन्ही सोडून दिल्या. शिकलेली पोर घरात बसून राहणार, हे दिसल्यावर मावशीचा मला फोन आला.

“नवल, मले कॅमेरा लेना शे. खिसामा बसी असा. पन खरा फोटो काढनारा.”

ही दोन हजार दहाची गोष्ट. मी आठवडाभर इंटरनेटवर बसून अभ्यास केला. कागदावर रकाने आखले: मेगापिक्सेल, ऑप्टिकल झूम, स्क्रीनचा आकार, चार्जरची बॅटरी की पेन्सिल सेल, वॉरंटी. सहा हजारांच्या आतले चार कॅमेरे निवडले. मावशी सकाळच्या गाडीनं जळगावला उतरली. मी स्टेशनवरच मोठ्या ऐटीत तिला कागद वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “यामा रंग कोठे शे?”

रंगाचा रकाना मी आखलाच नव्हता.

दुकान शेहजादभाईंचं. माणूस गोड, पण विकण्याची घाई. त्यांनी पहिल्याच कॅमेऱ्यानं मावशीचा फोटो काढला आणि स्क्रीन तिच्यापुढे धरली. “बघा मावशी, किती गोऱ्या आल्यात!” बिचाऱ्यांना वाटलं, गिऱ्हाईक खूश होईल. मावशीनं कॅमेरा काउंटरवर ठेवला आणि कमरेचा रुमाल सोडला. त्यात तीन तऱ्हेच्या मिरच्या होत्या: एक गडद लाल, एक फिकी, एक फटकी. सोबत गोणपाटाचा तुकडाही आणला होता.

“आते याना फोटो काढ.”

मावशी गोणपाट घेऊन दुकानाच्या पायरीवर सावलीत बसली. मिरच्या मांडल्या, त्यांच्या शेजारी स्वतःचा हात ठेवला, आणि एकेका कॅमेऱ्यानं फोटो काढायला लावला. बघे जमले. त्यात आमच्या बँकेचे दोन खातेदार होते. मी लांब उभा राहून ही बाई आपली कोणी नाही असा चेहरा करायला लागलो. करंटेपणाच तो.

पहिल्या कॅमेऱ्यात तिन्ही मिरच्या सारख्याच लाल. “फटकीले लाल दखाडस. हाऊ लबाड.” दुसऱ्यात मावशीचा हात गव्हाळ झाला, तोही बाद. तिसरा माझ्या कागदावरचा पहिला नंबर, बारा मेगापिक्सेलचा. त्यात मिरची अशी चमकली की तिच्या सुरकुत्याच नाहीशा झाल्या. “वल्ली शे का वाळेल, हाईबी समजत नही,” म्हणून मावशीनं तो परत दिला.

चौथा दाखवायला शेहजादभाई तयार नव्हते. मागच्या वर्षीचं मॉडेल, जाडजूड, दोन पेन्सिल सेलवर चालणारं, फोटो काढून झाल्यावर दोन क्षण थांबणारं. त्यात गडद मिरची गडद आली, फिकी फिकी आली आणि फटकी फटकी. मावशीचा हात तिचाच आला, मनगटावरच्या तव्याच्या चटक्यासकट. ती बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिली.

“हाऊ,” ती म्हणाली.

मी गप्प बसेन तर ना! म्हटलं, “मावशी, हा आठच मेगापिक्सेलचा आहे. झूमही कमी.”

“मनी आंडेर काय गावना बाहेर उभी राहस? जोडे जाईसन काढसू.” जवळ जाऊनच काढीन, असं तिचं म्हणणं.

शेहजादभाई म्हणाले, बाकीच्यांचे रंगही आतून बदलता येतात, मी तसं करून देतो. खोटं नव्हतं ते. मावशीनं मान हलवली. “खरं बोल असं ज्याले सांगनं पडस, त्याले मी घर कसाले लई जाऊ?” यावर शेहजादभाईंनी हात जोडले, कॅमेऱ्याचं पाकीट फुकट दिलं आणि त्या तीन मिरच्या मागून घेतल्या. यापुढे कॅमेरे याच मिरच्यांवर दाखवणार म्हणाले. तेव्हा कुठे मी पुढे होऊन सगळ्यांना सांगितलं, की ही माझी मावशी.

घरी गेल्यावर मावशीनं दिपमालावर कॅमेरा रोखलाच नाही. शेळीचा फोटो काढला, चुलीचा काढला, सासूबाई झुंबरबाईंचा बोळक्या तोंडाचा काढला. पहिल्या डझनभर फोटोंत तिचा अंगठाच आला. मग ती कॅमेरा पथारीवर न्यायला लागली. दुपारच्या सुट्टीत बायका भोवती जमायच्या. आपला चेहरा पावडरीशिवाय फोटोत पाहण्याची त्यांची पहिलीच वेळ होती. मावशीची जोडीदारीण लताबाई स्क्रीनकडे पाहून म्हणाली, “मी अशी दिखस?”

“अशीच दिखस.”

“मंग बरी शे ना मी!”

त्याच लताबाईनं एक दिवस मावशीचा फोटो काढला. संध्याकाळी दिपमाला नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यातले फोटो पाहत बसली. पाहायला तिला आवडायचं, फोटोत यायला मात्र नाही. एका फोटोवर तिचं बोट थांबलं. चहूकडे लाल मिरची, मधे डोक्याला फडकं बांधलेली मावशी, कशावर तरी पोट धरून हसणारी.

“माय, कितली भारी दिखस तू!”

मावशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही. “तुना नी मना रंग एकच शे,” ती म्हणाली. “मी भारी दिखस, मंग तू कशी नही?”

दुसऱ्या दिवशी सकाळी दिपमाला तोंड धुऊन, केस विंचरून अंगणातल्या सावलीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “काढ.” मावशीनं कॅमेरा आणला. पहिले दोन फोटो हलले. तिसरा नीट आला. तो मी पाहिला आहे: पोरगी सरळ समोर बघतेय, ओढणी खांद्यावर, कपाळावर पाण्याचे दोन थेंब राहिलेले.

तिसरी जाहिरात आली तेव्हा दिपमालानं तोच फोटो चिकटवून अर्ज भरला आणि निवड झाली. लग्नाचं काय झालं, असं विचारणारे विचारतातच. झालं तेही पुढे, चांगलं झालं. पण ही गोष्ट लग्नाची नाही.

धुळ्याच्या एका दवाखान्यात तिला रुजू व्हायचं होतं. मी सोबत गेलो होतो. ओळखपत्र करणाऱ्या बाबूनं फोटो हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि भल्या मनानंच म्हणाला, “मॅडम, फोटो जरा काळा आलाय. समोरच स्टुडिओ आहे, चांगला काढून आणा. मी थांबतो.”

या वेळी मी बोलणार होतो. पण दिपमाला आधी बोलली, अगदी शांतपणे, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात.

“फोटो काळा नाही आला साहेब. मी काळी आहे. माझ्या आईनं काढलाय तो. तोच लावा.”

बाबूनं तो लावला. मी बाहेर येऊन मावशीला फोन केला. ती पथारीवर होती, मागे बायकांचा गलका चालला होता. मी घडलं ते सगळं सांगितलं. गलक्यात फोन कटला की काय, म्हणून मी दोनदा हाक मारली.

“शे मी, शे,” मावशी म्हणाली. “नवल, ती काय बोलनी, ते परत सांग. जराक थांब पन, लताबाईलेबी बलावस.”