रुंद स्की आणि जाड पुस्तक

घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे बर्फात मजा करायला जातानाही अपराधी वाटून युनिच्या, म्हणजे विद्यापीठाच्या, लायब्ररीचं जाडजूड पुस्तक पाठीवर घेतलं. पायांत डोंगर चढण्यासाठीच्या भाड्याच्या स्की, रुंद पण हलक्या. अर्ध्या चढावरच मी धापा टाकत बसलो आणि परतायचं ठरवलं.

मागून आलेल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी माझी बॅग उचलून पाहिली, आत डोकावून पाहिलं.

"मेट, अरे दोस्ता, स्की इतक्या हलक्या, आणि हे काय?"

"परीक्षा आहे," मी पुटपुटलो.

खो खो हसत त्यांनी पुस्तक स्वतःच्या बॅगेत टाकलं. "हवंय? मग वर ये."

काठीने स्कीवरचा बर्फ झटकत, मागे न बघता त्या संथ चढत राहिल्या. लायब्ररीत काय सांगू, या धास्तीने मी माथा गाठला. तिथे त्यांनी परत दिलेलं पुस्तक अजून उघडलेलं नाही.