पहिली भाकरी

सारिका गेल्याचं कळलं तेव्हा मी भाकऱ्या करत होते. समोरच्या खोलीतली कोमल दारात आली आणि म्हणाली, "आजी, ताई गेली... दवाखान्यातच." डेंग्यूचा ताप होता. पंचविशीसुद्धा गाठली नव्हती पोरीनं. तव्यावरची भाकरी करपली, ती मी तशीच खाल्ली. टाकून देऊन काय होणार होतं?

भोसरीत आमची शेती होती. तिथे वर्कशॉप उभी राहिली आणि आमच्याकडे कामगारांना भाड्यानं द्यायच्या खोल्या उरल्या. सारिकाचे आईबाप लातूरकडचे. ती माझ्याच एका भाड्याच्या खोलीत लहानाची मोठी झाली. अंगानं काडी, पण आवाज पत्र्यावर गारा पडाव्यात तसा. चाकणला कंपनीत लागली तरी सुट्टीच्या दिवशी झोपायचं सोडून गल्लीतल्या पोरी गोळा करायची. एकदा मला म्हणाली, "आजी, रविवारी गच्ची पाहिजे." मी म्हटलं, "माझ्या वाळवणावर पाय पडला तर तंगडी मोडीन." "मोडा की. पण किल्ली द्या." दिली.

गच्चीवर दोरीच्या उड्या चालायच्या, मग एकेकीनं पाण्याच्या टाकीजवळ उभं राहून स्वतःचं नाव आणि मनातली एक गोष्ट मोठ्यानं सांगायची. जी पुटपुटेल तिला सारिका म्हणायची, "पुन्हा." पाळीच्या दिवसांत काय खायचं, कपडा कसा धुवायचा, उन्हात का वाळवायचा, सगळं अशा आवाजात सांगायची की खालच्या वर्कशॉपातली माणसं लेथ मशीन बंद करून कान द्यायची. मी कठड्यावरून ओरडले, "ऐका रे, तुमच्याबी घरात बाया हायेत!" लेथ लगेच सुरू झाली.

एका रविवारी उड्या मारताना कोमलच चक्कर येऊन पडली. सारिकानं सगळ्यांना विचारलं, सकाळी कोण कोण खाऊन आलंय? एक हात वर नाही. आधी बाप, मग भाऊ, मग उरलंसुरलं. तोवर नुसत्या चहावर. तिनं तिथेच गृहपाठ दिला. तव्यावरची पहिली भाकरी आपण खायची, गरम, आणि बसून. चाळीत आग लागावी तसा गोंधळ झाला. कोमलचा बाप बाळू तणतणत गच्चीवर आला. "बाप उपाशी अन् पोरगी आधी जेवती? हे शिकवतीस व्हय?" सारिका हसून म्हणाली, "काका, दुसरी भाकरी भाजायला कितीसा वेळ लागतो? तेवढा दम धरा." पोरी फिदीफिदी हसल्या. बाळू खाली गेला आणि कोमलचं वर येणं बंद झालं. पुढे तिच्या आईनंच तिला हाताला धरून आणून सोडलं. नवऱ्याला काय सांगितलं, ते तिनं मला सांगितलं नाही.

त्या दिवशी सारिका मलाही म्हणाली, "आजी, गृहपाठ तुम्हालासुद्धा." मी म्हटलं, "चल नीघ. माझी हाडं मसणात चालली." जन्मभर मी शेवटीच जेवले होते, तेही बऱ्याचदा उभ्यानं.

ती गेल्यावर लोकांची तोंडं सुटली. आरोग्य शिकवायची आणि स्वतःच तापानं गेली म्हणे. बाळू माझ्या दारात येऊन म्हणाला, "आक्का, आता कुलूप लावा गच्चीला. लई डोकी फिरवली तिनं पोरींची." मी म्हटलं, "डास चावला तिला. पोरींना शिकवलं म्हणून न्हाई चावला. डॉक्टर मरत न्हाईत का? मग दवाखाने बंद करतोस?" तो म्हणाला, "बरं, मग शिकवणार कोण? तुमी?"

मी चौथी शिकलेली बाई.

पुढच्या रविवारी पोरी जिन्यात येऊन उभ्या राहिल्या. वर कुणी जाईना. सगळ्यात पुढे कोमल, मान खाली घातलेली. मी कुलूप काढलं आणि तिला म्हटलं, "टाकीजवळ जा. नाव सांग." ती पुटपुटली. "पुन्हा," मी म्हटलं. परत पुटपुटली. "पुन्हा!" तिसऱ्यांदा खालची लेथ थांबली. दोरी मग तिनंच हातात घेतली, ती अजून तिच्याच हातात आहे.

बाळू अजून कुरकुरतो. कुरकुरू दे. आता रोज सकाळी तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात पडते. मी बसून खाते. माझा मुलगा मोकळं ताट घेऊन समोर थांबतो, एकदा घड्याळाकडे बघतो, एकदा माझ्याकडे.

धरेल दम.