वडिलांनी सांगितलेली माझी खोट

वेंगुर्ल्यात एसटी स्टँडजवळ वडिलांचं हॉटेल होतं. खाली खानावळ, वर राहायला चार खोल्या. वर मुक्कामाला फिरतीवरचे विक्रेते, आणि खाली अख्खं गाव. निरोप ठेवायचा असो, भांडण मिटवायचं असो, की सोयरिकीची चौकशी करायची असो, माणसं आमच्याकडेच यायची. एखाद्या मुलीच्या घराबद्दल कोणी विचारलं की वडील चार गुण सांगत आणि एक खोट. नुसती स्तुती कोणाला खरी वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला बघायला खारेपाटणची माणसं येणार होती. रविवारी, आमच्या गावच्या घरी. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला. या मुलाचा फोटो मात्र मला आवडला होता; किती, ते मी घरात कोणाला सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी हॉटेलच्या स्वयंपाकघरात बांगडे तळत होते. वाढपाच्या खिडकीतून पाहिलं तर फोटोतला मुलगा समोर, शेजारी त्याचे काका. एक दिवस आधीच चौकशीला आलेले! मध्यस्थाने 'बापाचा वेंगुर्ल्यात धंदा आहे' एवढंच सांगितलं होतं; यांनी तो काजूचा धरला. जेवता जेवता काकांनी गल्ल्यावरच्या माणसाला आमच्या घराबद्दल विचारलं. गल्ल्यावर साक्षात वडील.

वडिलांनी चष्मा पुसला. घर चांगलं, माणसं सरळ, मुलगी शिकलेली, हाताला चव. मी मनात म्हटलं, आता थांबा. पण नियम म्हणजे नियम.

"पण तोंडान तिखट आसा. बापाशीय भांडता."

काकांचा घास हातात राहिला. माझा बांगडा करपला. मी सोलकढीची दोन भांडी उचलली आणि सरळ बाहेर जाऊन पाहुण्यांसमोर ठेवली.

"बाबा, ता चेडू मीच, ह्या कोण सांगतलो?"

ती मुलगी मीच, हे आता अख्ख्या खानावळीला कळलं. वडील छताकडे बघत राहिले. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुतण्याला विचारलं, उद्या जायचं की इथूनच परत फिरायचं. तो तोवर सोलकढी संपवून बसला होता.

"उद्या आजून काय बघूचा? तारीख धरूया."

वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. रीतीप्रमाणे मी आत जायला हवं होतं. गेले नाही. तारीख ठरेपर्यंत गल्ल्यापाशीच उभी राहिले. वडिलांना आणखी एखादी खोट आठवली असती तर?