आईचा कॅन

माझी आई भिवंडीच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि अंगाने चांगलीच जाड होती. कशेळीची आत्या चारचौघांत म्हणायची, "वहिनी खातात किती." मला संताप यायचा, कारण घरात सगळ्यांत कमी आईच जेवायची.

मी कॉलेजात असताना डॉक्टरांना शंका आली, की मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचं हार्मोन वाढल्यामुळे आईचं वजन वाढत असेल. त्यासाठी चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये साठवायची होती. लॅबवाला म्हणाला, "बायका लाजतात, बाहेर असतानाची सोडून देतात. मग तपासणी वाया जाते."

आईने सुट्टी घेतली नाही. कॅन पिशवीत घालून ती शाळेत गेली. शिपाईबाईंनी विचारलं, "बाई, रॉकेल मिळालं वाटतं?" आई सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाली, "लघवी आहे माझी, तपासायला द्यायचीय." हे मी आजही छाती फुगवून सांगते.

रिपोर्ट नॉर्मल आला. आत्या लगेच म्हणाली, "म्हणजे खाण्यानंच."

मी तोंड उघडणार, तोच आई शांतपणे म्हणाली, "वन्सं, त्या चोवीस तासांतला एक थेंब मी सोडला नाही. तुम्ही एक दिवस तो कॅन घेऊन कामावर जा, मग माझ्या वजनावर बोला."